एनिग्मा फोडली, मग प्रोग्रॅमिंग शिकवलं, मग सुरक्षा क्षेत्रात आले... आणि शेवटी त्याच क्षेत्राने दार बंद केलं : गॉर्डन वेल्चमन यांची गोष्ट

सॉफ्टवेअरमध्ये चार-पाच वर्षं काढली की बऱ्याच जणांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो. सायबर सिक्युरिटीत जावं का? मग प्रश्नांची रांगच लागते. सर्टिफिकेट कोणतं करायचं? गणित पक्कं लागतं का? हॅकिंग यायलाच हवं का? आणि आजवर जे शिकलो, ते सगळं पाण्यात जाणार का?

या प्रश्नांची उत्तरं देणारे व्हिडिओ ढिगाने सापडतील. आपण आज एका माणसाची गोष्ट बघूया. ‘सायबर सिक्युरिटी’ हा शब्दही जन्माला आला नव्हता, तेव्हा १९६२ साली हा माणूस कॉम्प्युटर कंपन्यांमधलं काम सोडून लष्करी संदेशांच्या सुरक्षेकडे वळला. त्याआधी त्याने एमआयटीमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. आणि त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, तो नेमकं उलटं काम करत होता. जर्मनीची सुरक्षा फोडण्याचं!

नाव गॉर्डन वेल्चमन. अॅलन ट्युरिंग सगळ्यांना माहीत असतात. ‘द इमिटेशन गेम’ हा २०१४ चा सिनेमाही अनेकांनी पाहिलेला असतो. त्या सिनेमात वेल्चमन नावाचं पात्रच नाही. पण ट्युरिंग यांचं यंत्र ज्या वेगाने चाललं, त्यात वेल्चमन यांचा वाटा फार मोठा होता.

पाद्र्याचा मुलगा, भूमितीचा मास्तर

वेल्चमन यांचा जन्म १५ जून १९०६ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या फिशपॉन्ड्सचा. वडील चर्चमध्ये पाद्री. शिक्षण मार्लबरो कॉलेजात आणि पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. १९२९ मध्ये केंब्रिजच्याच सिडनी ससेक्स कॉलेजचे ते फेलो झाले. विषय होता बैजिक भूमिती. रोजच्या व्यवहारात ज्याचा उपयोग शोधावा लागेल असा शुद्ध गणिताचा प्रांत. सगळं सुरळीत चाललं असतं तर हा माणूस केंब्रिजमध्ये भूमिती शिकवत निवृत्त झाला असता.

पण युरोपात युद्धाचे ढग जमत होते. ब्रिटनच्या संकेतलिपी खात्याचे प्रमुख अॅलिस्टर डेनिस्टन यांनी केंब्रिज-ऑक्सफर्डमधल्या काही जणांना आधीच विचारून ठेवलं होतं, की युद्ध झालंच तर याल का? वेल्चमन हो म्हणाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी वेल्चमन ब्लेचली पार्कमध्ये हजर झाले. ट्युरिंगही त्याच दिवशी आले.

समोर होती एनिग्मा. दिसायला टाईपरायटरसारखी. एक अक्षर दाबलं की आतल्या फिरत्या चकत्यांमधून वीज जाते आणि वर दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागतो. प्रत्येक अक्षराला चकती पुढे सरकते, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबलं तरी दिवा वेगळा लागू शकतो. त्यात लष्करी एनिग्माला पुढच्या बाजूला प्लगबोर्ड होता, तिथे दहा वायरी लावून अक्षरांच्या जोड्यांची अदलाबदल करता येई. पाचपैकी तीन चकत्या, त्यांची जागा, त्यांची सुरुवातीची स्थिती आणि प्लगबोर्ड असं सगळं धरलं तर शक्यता होतात सुमारे १५९ वर १८ शून्यं. आणि हे सेटिंग रोज बदलायचं. एकेक करून तपासायला बसलात तर युद्धच काय, विश्वाचं आयुष्यही कमी पडेल.

जर्मन अधिकाऱ्यांचा विश्वास याच आकड्यावर होता. तो आकडा खरा होता, हेही लक्षात ठेवा.

मजकूर न वाचता

वेल्चमन यांना सुरुवातीला डिली नॉक्स या ज्येष्ठ तज्ज्ञांच्या हाताखाली टाकलं गेलं. नॉक्स बुद्धिमान आणि तितकेच विक्षिप्त. थोड्याच दिवसांत त्यांनी या नवख्या गणितज्ञाला शेजारच्या एका रिकाम्या शाळेत धाडलं आणि एक रटाळ वाटणारं काम सोपवलं. पकडलेल्या जर्मन संदेशांचे ढीग बघायचे आणि त्यातली स्टेशनांची सांकेतिक नावं वगैरे तपासायची. मजकूर तर वाचता येतच नव्हता.

आज सॉफ्टवेअरमधल्या एखाद्याला सिक्युरिटी टीममध्ये घेऊन पहिल्या दिवशी लॉग फाइल्सचा ढीग हातात द्यावा, तसंच हे.

वेल्चमन यांनी ढीग उपसायला घेतला. कोणतं स्टेशन कोणाशी बोलतंय? कोणत्या फ्रिक्वेन्सीवर? किती वाजता? संदेश किती लांबीचा? सुरुवातीला उघड लिहिलेली अक्षरं कोणती? हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की हा नुसता ढीग नाही, जर्मन लष्कराच्या संपर्कजाळ्याचा नकाशा आहे. वेगवेगळ्या जाळ्यांची रोजची किल्ली वेगवेगळी. हवाई दलाची एक, लष्कराची दुसरी. ती जाळी ओळखता यावीत म्हणून त्यांनी रंगीत पेन्सिली वापरल्या. एक लाल, एक निळी, एक हिरवी. पुढे तीच त्या किल्ल्यांची नावं पडली. जर्मन हवाई दलाची जी मुख्य किल्ली युद्धभर सर्वांत जास्त माहिती देत राहिली, तिचं नाव ‘रेड’ राहिलं ते या लाल पेन्सिलीमुळे.

आज आपण ज्याला मेटाडेटा म्हणतो, तो हाच. तुमच्या मेसेजमध्ये काय लिहिलंय हे कुणाला कळलं नाही, तरी तुम्ही रोज रात्री अकराला कोणाशी बोलता हे कळलं की बरंच काही कळतं. चॅट कुलूपबंद असलं म्हणजे सगळं झाकलं गेलं, असं समजणाऱ्यांनी वेल्चमन यांची ही शाळा जरूर आठवावी.

याच शाळेत त्यांना एक युक्तीही सुचली. छिद्रं पाडलेले मोठे कागद एकमेकांवर ठेवायचे आणि सगळ्यांतून आरपार उजेड दिसेल ती जागा शोधायची. ते धावतपळत नॉक्स यांच्याकडे गेले, तर कळलं की हे कागद तयार करण्याचं काम केव्हाच सुरू झालंय. ती पद्धत मुळात पोलंडची होती. मारियन रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की या तीन तरुण पोलिश गणितज्ञांच्या गटाने १९३२ पासून एनिग्मावर मात करायला सुरुवात केली होती. युद्धाच्या तोंडावर, जुलै १९३९ मध्ये, पोलंडने ही सगळी विद्या ब्रिटन आणि फ्रान्सला देऊन टाकली. हा धागा लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

एक वायर तिरपी

ट्युरिंग यांनी ‘बॉम्ब’ नावाचं यंत्र आखलं होतं. नाव तसं असलं तरी ते फुटायचं नाही. माणसाच्या उंचीपेक्षा मोठं, जवळपास टनभर वजनाचं, अनेक एनिग्मांच्या चकत्या एकत्र जोडल्यासारखं ते कपाट होतं. तत्त्व असं : संदेशातल्या एखाद्या तुकड्याचा मजकूर अंदाजाने धरायचा, म्हणजे समजा तिथे हवामानाचा अहवाल असणार. मग यंत्राने चकत्या फिरवत फिरवत, या अंदाजाशी विसंगत ठरणारी सेटिंग्ज बाद करत जायची. जे उरेल ते माणसाने तपासायचं.

अडचण ही, की अंदाजी मजकूर बराच लांब आणि खास जुळणीचा नसला तर यंत्र खोट्या जागी सारखं थांबे. प्रत्येक थांब्याला माणसाची तपासणी, म्हणजे वेळ गेला.

वेल्चमन यांनी प्लगबोर्डाकडे बघितलं. तिथे ए ची वायर बी ला जोडली, तर बी आपोआप ए ला जोडला जातो. जोडी दोन्ही बाजूंनी सारखीच. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पण यंत्राला ती माहीत नव्हती! वेल्चमन यांनी २६ ओळी आणि २६ रकान्यांचा एक तक्ता कल्पिला आणि त्यात ए-बी हे टोक बी-ए या टोकाला वायरने जोडून टाकलं. सगळ्याच जोड्यांसाठी तसं केलं की एका निष्कर्षातून दुसरा फुकटात मिळतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि चुकीची सेटिंग्ज धडाधड गळून पडतात. याला नाव पडलं ‘डायगोनल बोर्ड’, म्हणजे कर्णतक्ता. ट्युरिंग यांना आधी विश्वासच बसला नाही. मग त्यांनी आकृती नीट पाहिली आणि तेही तितकेच हरखले.

मार्च १९४० मध्ये आलेल्या पहिल्या बॉम्बमध्ये हा तक्ता नव्हता. ऑगस्टमध्ये आलेल्या दुसऱ्यात होता, आणि त्यानंतर बॉम्ब म्हणजे तक्त्यासह बॉम्ब असंच समीकरण झालं. लेचवर्थ गावातल्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीत हॅरॉल्ड कीन या अभियंत्याने ती यंत्रं बांधली. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या २०० च्या वर गेली.

आळशी सैनिकाचा उपकार

आता गोष्टीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग.

१ मे १९४० ला जर्मनांनी संदेश पाठवण्याच्या पद्धतीत एक बदल केला आणि छिद्रांच्या कागदांची पद्धत एका फटक्यात निकामी झाली. दहा दिवसांत फ्रान्सवर हल्ला सुरू झाला. डायगोनल बोर्डवाला बॉम्ब यायला अजून तीन महिने. म्हणजे नको त्या वेळी ब्रिटन आंधळं झालं.

ते वाचलं ते यंत्रामुळे नव्हे, एका अंदाजामुळे. जॉन हेरिव्हेल हा वेल्चमन यांचा केंब्रिजमधला विद्यार्थी. त्यानेच कधीतरी फेब्रुवारीत विचार केला होता, की पलीकडचा एनिग्मा चालवणारा जर्मन सैनिक सकाळी नक्की काय करत असेल? तो झाकण उघडतो, नव्या दिवसाच्या चकत्या बसवतो, त्यावरची कडी ठरलेल्या अक्षराला लावतो, झाकण बंद करतो. आता पहिला संदेश पाठवायचा तर चकत्या कुठेतरी दूर फिरवून मनाने एक सुरुवातीची जागा निवडायला हवी. पण तो दमलेला असेल, घाईत असेल किंवा सरळ आळशी असेल, तर? चकत्या जिथे आहेत तिथेच, फार तर एक-दोन घरं सरकवून ठेवेल. आणि ती जागा तर तो संदेशाच्या सुरुवातीला उघडपणे पाठवतो.

म्हणजे वेगवेगळ्या स्टेशनांच्या सकाळच्या पहिल्या संदेशांतली अक्षरं एका तक्त्यावर मांडली, तर ती एका जागी गोळा झालेली दिसतील. तिथेच त्या दिवसाचं गुपित.

महिनोन्‌महिने तसा गोळा काही दिसला नाही. मे महिन्यात, लढाईच्या धामधुमीत, तो दिसला. याला जोड मिळाली दुसऱ्या एका खोडीची. प्रत्येक संदेशासाठी तीन अक्षरी किल्ली मनाने निवडायची असे. काही सैनिक कीबोर्डवर शेजारशेजारची अक्षरं दाबून मोकळे होत. काही जण मैत्रिणीचं नाव वापरत. काही जण उघड पाठवायची सुरुवातीची जागा म्हणून ‘हिट’ घेत आणि मग त्याच संदेशाची किल्ली म्हणून ‘लर’. ‘बर’ आलं की पुढे ‘लिन’ येणार, हे सांगायला गणितज्ञ कशाला हवा?

मे संपायच्या आत रेड पुन्हा वाचली जाऊ लागली.

१५९ वर १८ शून्यं एका बाजूला आणि मैत्रिणीचं नाव दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे नावापुढे एक-दोन-तीन लिहून पासवर्ड तयार करणाऱ्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. वेल्चमन यांच्या मनावर ही गोष्ट कायमची कोरली गेली. एनिग्मा नीट वापरली असती तर ती फोडता आली नसती, असं त्यांचं पुढे ठाम मत होतं. जर्मनांनी काही साध्या शिस्ती पाळल्या असत्या तरी ब्लेचलीचं दुकान बंद झालं असतं. आपल्या यशात नशिबाचा हात किती मोठा होता, हे ते न लाजता सांगत.

झाडूच्या दांड्याने ढकललेली गुपितं

वेल्चमन यांचं तिसरं काम कुठल्याही शोधाच्या यादीत बसत नाही, म्हणून ते विसरलं जातं. १९३९ च्या शरद ऋतूत, एकही ताजा जर्मन संदेश उलगडलेला नसताना, त्यांनी डेनिस्टन यांचे सहायक एडवर्ड ट्रॅव्हिस यांना एक योजना दिली. म्हणणं असं, की उद्या एनिग्मा फुटू लागली तर दिवसाला शेकडो संदेश येतील. ते घ्यायचे कोणी, नोंदवायचे कोणी, किल्ली कोणी शोधायची, उलगडलेला मजकूर कोणी टंकायचा, भाषांतर कुठे व्हायचं? हे आत्ताच ठरवायला हवं.

ट्रॅव्हिस यांना पटलं. त्यातून उभी राहिली ‘हट ६’, म्हणजे सहा नंबरची लाकडी शेड. चोवीस तास, पाळ्यांमध्ये चालणारी. आत काम करणाऱ्यांमध्ये तरुण मुलींची संख्या मोठी होती. एका खोलीत नोंदणी, एका खोलीत किल्लीचा शोध, एका खोलीत उलगडा. मग उलगडलेले कागद एका ट्रेमध्ये ठेवून, दोन शेडच्या मधल्या लाकडी बोगद्यातून, चक्क झाडूच्या दांड्याने शेजारच्या हट ३ मध्ये ढकलले जात. तिथे भाषांतर आणि अर्थ लावायचं काम.

आजच्या कंपन्यांमध्ये हल्ल्यांवर नजर ठेवणारी जी चोवीस तासांची केंद्रं असतात, त्यांचं काम बघितलेल्याला ही रचना परकी वाटणार नाही. हुशार माणसं गोळा केली की काम होतं, हा समज तिथेही चुकतो. कागद एका हातातून दुसऱ्या हातात वेळेवर जावा लागतो.

१९४१ च्या ऑक्टोबरात माणसं कमी पडू लागली. कारकून मिळेनात, यंत्रं चालवायला हात मिळेनात, वरचे अधिकारी ऐकेनात. तेव्हा ट्युरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिल्नर-बॅरी या चौघांनी सगळी उतरंड ओलांडून थेट पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांना पत्र लिहिलं. तारीख २१ ऑक्टोबर. मिल्नर-बॅरी ते घेऊन स्वतः लंडनला १०, डाउनिंग स्ट्रीटवर गेले. चर्चिल यांनी पत्र वाचलं आणि यांना हवं ते सगळं तातडीने द्या असा हुकूम सोडला. बॉसच्या बॉसच्या बॉसला मेल करण्याचं हे बहुधा इतिहासातलं सर्वांत यशस्वी उदाहरण!

१९४३ मध्ये वेल्चमन हट ६ सोडून यांत्रिकीकरणाचे सहायक संचालक झाले. भूमितीचा मास्तर आता पुरता यंत्रांचा माणूस झाला होता.

बायोडेटातली सहा वर्षं

युद्ध संपलं. केंब्रिजला परत जावंसं वाटेना. काही काळ त्यांनी जॉन लुईस या इंग्लंडमधल्या दुकानांच्या साखळीत संशोधन संचालक म्हणून काम केलं. मग १९४८ मध्ये ते अमेरिकेला गेले.

आता जरा विचार करा. नोकरीसाठी मुलाखत द्यायची आणि सांगायचं काय? १९३९ ते १९४५ मध्ये काय करत होतात, या प्रश्नाला त्यांच्याकडे सांगण्याजोगं उत्तर नव्हतं. गोपनीयतेची शपथ होती. आयुष्यातलं सर्वांत मोठं काम बायोडेटातून गायब. घरच्यांनाही सांगायचं नाही.

तरीही एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ प्रकल्पात ते पोचले. व्हर्लविंड हा जगातल्या सुरुवातीच्या डिजिटल कॉम्प्युटरांपैकी एक, आणि त्याच क्षणी उत्तर देण्यासाठी बांधलेला. तोवरचे कॉम्प्युटर गणित घालून जेवायला जावं असे होते. व्हर्लविंडला मात्र विमानाच्या हालचालींचा हिशेब हातोहात करायचा होता. तिथे वेल्चमन यांच्याकडे होतं, या यंत्राचा उपयोग कशासाठी आणि कसा करता येईल हे शोधण्याचं काम. म्हणजे आजच्या भाषेत, सॉफ्टवेअरची बाजू. त्यांनी तिथे वर्गही घेतले आणि एमआयटीतला कॉम्प्युटरचा पहिला अभ्यासक्रम म्हणून त्या वर्गांकडे बोट दाखवलं जातं.

पुढची दहा-बारा वर्षं कंपन्यांमध्ये गेली : इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स, रेमिंग्टन रँड, फेरांटी, आयटेक. माहिती साठवायची कशी, शोधायची कशी, यंत्राकडून वेगाने काढून घ्यायची कशी, हेच विषय. फारशी नाट्यमय वर्षं नाहीत ही. पण ज्याला पुढे सुरक्षेत काम करायचंय, त्याला यंत्रणा आतून कशी चालते हे कळण्यासाठी अशीच वर्षं लागतात.

मायटर

१९६२ मध्ये वेल्चमन अमेरिकेचे नागरिक झाले आणि त्याच वर्षी मायटर या संस्थेत दाखल झाले. व्हर्लविंडमधून पुढे अमेरिकेची हवाई संरक्षणाची कॉम्प्युटर यंत्रणा उभी राहिली, आणि ते काम सांभाळण्यासाठी १९५८ मध्ये मायटर स्थापन झाली होती. म्हणजे एका अर्थाने ते जुन्याच घराच्या नव्या खोलीत आले.

सायबर सिक्युरिटीत शिरू पाहणाऱ्याला मायटर हे नाव पहिल्याच आठवड्यात भेटतं. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक उघड झालेल्या त्रुटीला जो सीव्हीई क्रमांक मिळतो, ती यादी याच संस्थेने १९९९ मध्ये सुरू केली. हल्लेखोर काय काय डावपेच वापरतात त्याचा ‘अटॅक’ नावाचा जो कोश सिक्युरिटीवाले उशाशी घेऊन झोपतात, तोही मायटरचाच. वेल्चमन तिथे आले तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

त्यांच्यापुढचा प्रश्न होता रणांगणावरच्या संपर्काचा. शेकडो विमानं, रणगाडे, ठाणी. प्रत्येकाने प्रत्येकाशी वेगळी लाइन लावून बोलायचं तर गोंधळ होणार, आणि शत्रू ऐकणार किंवा लहरी जाम करणार. वेल्चमन ज्या दिशेने विचार करत होते ती अशी : प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या क्षणी आपली माहिती एका सामाईक प्रवाहात टाकायची, सांकेतिक रूपात, आणि ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं. पुढे अमेरिकी सैन्याने उभारलेल्या जेटिड्स या संपर्कयंत्रणेत याच विचाराचं रूप दिसतं.

इथे त्यांचा जुना अनुभव कामाला येत होता. कोण कोणाशी आणि कधी बोलतंय एवढ्यावरून नकाशा काढता येतो, हे त्यांनी स्वतः काढून पाहिलं होतं. दमलेला सैनिक सकाळी काय करतो, हे त्यांना ठाऊक होतं. गंमत म्हणजे हे सगळं का ठाऊक आहे, ते मात्र सहकाऱ्यांना सांगता येत नव्हतं. ते १९७१ मध्ये निवृत्त झाले, पण मायटरने त्यांना सल्लागार म्हणून ठेवून घेतलं.

पुस्तक

१९७४ मध्ये एफ. डब्ल्यू. विंटरबॉथम या माजी अधिकाऱ्याचं ‘द अल्ट्रा सीक्रेट’ हे पुस्तक आलं आणि एनिग्मा फोडली होती ही गोष्ट पहिल्यांदाच इंग्रजी वाचकांसमोर सविस्तर आली. तीस वर्षं गप्प बसलेल्या अनेकांना वाटलं, आता बोलायला हरकत नाही. वेल्चमन यांनाही तसंच वाटलं.

१९८२ मध्ये त्यांचं ‘द हट सिक्स स्टोरी’ प्रसिद्ध झालं. आधीच्या पुस्तकांमध्ये काय घडलं ते होतं. यात कसं घडलं ते होतं. रंगीत पेन्सिली, डायगोनल बोर्ड, आळशी सैनिक, सगळं. आणि शेवटी एक भाग त्या वेळच्या वर्तमानावर होता. युद्धात जर्मनांना आपल्या यंत्राबद्दल जी बेफिकिरी होती, ती आपल्यातही शिरतेय, असा इशारा त्यात होता. वेल्चमन यांच्या दृष्टीने पुस्तक लिहिण्याचं खरं कारण तेच. जुन्या लढाईच्या आठवणी सांगायला त्यांना एवढा खटाटोप नको होता.

अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था, म्हणजे एनएसए, खवळली. वेल्चमन यांची सुरक्षा परवानगी काढून घेतली गेली. ती गेली म्हणजे मायटरचं सल्लागारपद गेलं. पुस्तकाबद्दल आणि युद्धकाळातल्या कामाबद्दल माध्यमांशी बोलायलाही मनाई झाली. तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते.

एनएसएचं सगळंच चूक होतं असं म्हणता येणार नाही. चकत्यांची एनिग्मा कालबाह्य झाली होती, पण मजकूर न वाचता जाळं ओळखण्याची विद्या अजिबात कालबाह्य नव्हती. ती आजही नाही. गुप्तहेर संस्थांना भीती निष्कर्ष फुटण्याची नसते, पद्धत फुटण्याची असते. शिवाय शपथ ती शपथ. इतर हजारो लोक गप्प बसलेच होते, काही जण तर मरेपर्यंत.

पण दुसरी बाजूही आहे, आणि मला ती जड वाटते. हल्ला कसा होतो हे बचाव करणाऱ्याला कळलं नाही, तर तो बचाव कशाचा करणार? जर्मन सैनिकाला कोणी समजावून सांगितलं असतं, की मैत्रिणीचं नाव वापरल्याने काय होतं, तर त्याने कदाचित वापरलं नसतं. आज सॉफ्टवेअरमधली त्रुटी सापडली की आधी ती बनवणाऱ्याला कळवायची, दुरुस्तीला वेळ द्यायचा आणि मग जाहीर करायची, असा रिवाज आहे. तो ठरेपर्यंत अनेक वर्षं वाद झाले. वेल्चमन यांनी तर चाळीस वर्षांपूर्वीच्या, हरलेल्या शत्रूच्या त्रुटी जाहीर केल्या होत्या.

ते थांबले नाहीत. पुस्तकात पोलिश गणितज्ञांचं श्रेय पुरेसं आलं नव्हतं. त्यांचं काम किती पुढे गेलं होतं, हे वेल्चमन यांना पूर्णपणे कळलं ते नंतर. मग त्यांनी एक शोधनिबंध लिहायला घेतला, पोलंडच्या यंत्रापासून ब्रिटनच्या बॉम्बपर्यंतचा प्रवास सांगणारा. १९८५ च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या जीसीएचक्यू या संस्थेचे प्रमुख पीटर मॅरीचर्च यांनी त्यांना पत्र पाठवून खडसावलं. अशा लिखाणाने सुरक्षेचं थेट नुकसान होतं आणि इतरांसमोर वाईट उदाहरण उभं राहतं, असा त्याचा आशय होता. ही संस्था म्हणजे ब्लेचली पार्कचीच पुढची पिढी. ज्या घराचा पाया रचायला वेल्चमन यांनी मदत केली, त्याच घरातून हे पत्र आलं होतं. तोवर ते कर्करोगाने खंगले होते.

त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले ते स्टुअर्ट मिल्नर-बॅरी. चर्चिल यांच्याकडे पत्र घेऊन गेलेले तेच. हट ६ मध्ये वेल्चमन यांच्यानंतर प्रमुखपद सांभाळलेले, आणि आता एक निवृत्त, मानमरातब मिळालेले सरकारी अधिकारी. त्यांनी ‘द गार्डियन’ या वृत्तपत्रात जीसीएचक्यूच्या त्या पत्राचा खरपूस समाचार घेतला. इतक्या वर्षांपूर्वीच्या गुपितांनी आज कोणाचं नुकसान होणार, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

गॉर्डन वेल्चमन यांचं ८ ऑक्टोबर १९८५ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट इथे निधन झालं. पोलिश गणितज्ञांना त्यांचं श्रेय देणारा तो शोधनिबंध पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, छापून आला.